अडलेल्या पाकिटामागे तीन दिवस

चिखले

मला ‘इंग्लिश’ म्हणणारी माणसं आयुष्यात एकाच मुलखात भेटली. चिखल्याच्या समुद्राकाठी वाढलेला, उन्हानं रापलेला, इंग्रजी बोलायचं तर अजूनही मनात आधी मराठी वाक्य जुळवणारा मी. पण ओहायोतले आमिश शेतकरी मला बेधडक इंग्लिश म्हणायचे. त्यांच्या लेखी जगात दोनच जाती, आमिश आणि इंग्लिश. जो मोटार चालवतो तो इंग्लिश, मग तो कुठल्या का रंगाचा असेना. मी तर त्यांच्याचसाठी मोटार चालवायचो.

मेहुण्याच्या मोटेलवर हाताशी माणूस हवा म्हणून गेलो आणि नऊ वर्षं व्हॅनचा ड्रायव्हर होऊन बसलो. हे लोक घरात वीज घेत नाहीत, मोटार ठेवत नाहीत, घोडागाडीनं हिंडतात. पण लांबच्या लग्नाला किंवा दवाखान्यात जायचं झालं तर दुसऱ्याच्या मोटारीत भाडं देऊन बसायला त्यांची ना नसते. मला आधी हे शुद्ध ढोंग वाटलं. जोनस नावाचा एक सुतार माझा नेहमीचा प्रवासी होता. लांब पांढरी दाढी, मिशा मात्र साफ. त्याला मी तोंडावरच विचारलं. तो जराही रागावला नाही.

“मोटार वाईट आहे असं कोण म्हणतं?” तो म्हणाला. “दारात उभी असली की माणूस उगाच घराबाहेर राहतो. मागवावी लागली की कामापुरता जातो आणि जेवायला परत येतो.”

त्यांचं हे असं आहे. नवी वस्तू आली की ती चांगली की वाईट यावर ते वाद घालत नाहीत. ती घरात आल्यावर घराचं काय होईल, एवढंच सगळे मिळून बघतात. त्यातलं सगळंच मला पटलं असंही नाही. त्यांच्या हुशार मुली आठवीनंतर शाळा सोडून लोणची घालताना पाहिल्या की मला चुटपुट लागायची. पण संध्याकाळी जोनसच्या स्वयंपाकघरात कंदील लागला, त्याची बायको बिटाचं लोणचं आणि बटाट्याच्या लगद्यावर शेवया वाढायला लागली, की माझा जीव थेट चिखल्याला जायचा. आमच्या वाडीत वीज येण्याआधी आम्ही असेच एका उजेडाभोवती जेवायचो. कंदिलाची काच राखेनं पुसायचं काम थोरल्या ताईकडे असे, कारण हात आत जाईल इतका बारीक तिचाच होता. हे मी जोनसला सांगितलं, तेव्हा त्यानं विचारलं, “ती आता कुठे असते?” मी म्हटलं, तलासरीला. “तिला लिहितोस का?” मी बिटाचं लोणचं आणखी मागून घेतलं.

जोनसला दहा भावंडं, पाच राज्यांत पांगलेली. फोन घरात नाही. शेताच्या तोंडाशी तीन घरांत मिळून एक लाकडी खोपटं, त्यात फोन. तो निकडीसाठी. गप्पा मारायच्या त्या पत्रांतून, आणि त्याची त्यांची एक रीत आहे. एका जाड पाकिटात सगळ्या भावंडांची पत्रं असतात. पाकीट तुमच्याकडे आलं की सगळी वाचायची, त्यातलं आपलं मागच्या फेरीचं पत्र काढून घ्यायचं, नवं घालायचं आणि पुढच्याला धाडायचं. पाकीट वर्षानुवर्षं असं गोल फिरत राहतं.

एकदा ते अडलं. जोनसनं तीन आठवडे वाट पाहिली आणि माझी व्हॅन बोलावली. चार तास गाडी हाकून आम्ही त्याच्या धाकट्या भावाकडे गेलो. भावाचा उजवा हात मोडला होता. बायकोकडून लिहून घ्यायची लाज वाटली म्हणून पाकीट कपाटावर ठेवून बसला होता. परत येताना मी म्हटलं, “खोपटातून फोन केला असतास तर?”

“फोनवर तो म्हणाला असता, सगळं ठीक आहे,” जोनस म्हणाला.

मागच्या वर्षी मी कायमचा चिखल्याला परतलो आणि पहिलं काम केलं ते हे पाकीट सुरू करण्याचं. आम्ही चार भावंडं. फोनवर आमचा एक ग्रुप आहे, पण त्यात रोज सकाळी गुलाबाच्या फुलांशिवाय काही उगवत नाही. आणि ताई त्यात नाहीच. तिचे कान पार गेलेत. फोन कानाला लावून उपयोग नाही आणि फोनवरची अक्षरं तिला सापडत नाहीत. म्हणून पाकिटाची फेरी तिच्यापासून ठेवली. तलासरीहून सायवनला नानाकडे, तिथून कैनाडला मंगलकडे, मग चिखल्याला माझ्याकडे आणि परत तलासरी. सगळं पोस्टानं. नानानं आधी टर उडवली, मग त्याचीच पत्रं पाच-पाच पानी यायला लागली. ताई चौथी शिकलेली, तिच्या पत्रात पूर्णविराम नसे. एकदा मला लिहिलं होतं, “चिकूला फळ किती आलं ते लिही उगाच अमेरिका लिहू नको.”

चार फेऱ्या झाल्या. दिवाळीनंतर पाकीट आलंच नाही.

जानेवारीतल्या एका बुधवारी ताईच्या मुलाचा, महेशचा, वापीहून फोन आला. “मामा, रविवारी आईला इकडे घेऊन येतोय. तलासरीचं घर बंद करतोय आता.” ताईचं सगळं आयुष्य त्या घरात गेलेलं. मी मंगलला फोन लावला. पाकीट आलंय का, विचारलं. “माझ्याकडे काही नाही,” म्हणाली आणि ठेवून दिला. नानाचा फोन नेहमीप्रमाणे लागेना. बायको ओटीवर चिकू निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “तुमचा तो जोनस असता तर एव्हाना निघाला असता.”

ताईनं घर सोडायच्या आत ते पाकीट तिच्या हातात पडायला हवं होतं. मी पिशवी भरली.

कैनाड

मंगलची भाजी बघावी. वांगी, वाल, मिरची, वाफे असे आखलेले की पट्टी लावून घ्यावी. पण बाईचा चेहरा आंबट. पाणी दिलं, बस म्हणाली, आणि चुलीकडे निघून गेली. चूल बाहेर, अंगणात, कारण उकडहंडी गॅसवर करायची नाही हा तिचा नेम. हंडीत कोनफळ, सुरण, वालपापडी, ओव्याचा पाला भरून तोंड बंद केलं की पाण्याचा थेंब न घालता ती आपल्याच वाफेवर शिजते. तासाभरानं झाकण निघालं आणि मंगलचं तोंडही उघडलं.

“मला वाटलं, तुम्ही दोघा भावांनी मिळून मला गाळलं.”

“का?”

“मागच्या पत्रात नानाच्या सुनेबद्दल लिहिलं ना मी. जरा जास्तच लिहिलं.” तिनं माझ्या ताटात आणखी एक सुरणाची फोड टाकली. “म्हटलं, नानाला झोंबलं असेल. आता पाकीट परस्पर तुझ्याकडे जात असेल.”

म्हणजे दोन महिने ही बाई पत्राची वाट बघत आणि स्वतःला दोष देत बसली होती. मला जोनसचा हात मोडलेला भाऊ आठवला. मी तिला त्याची गोष्ट सांगितली. मग गाडी घसरली ती जुन्या दिवसांवर. जेवायला बसताना वडील ताटाभोवती पाणी फिरवायचे तेवढा वेळ आम्ही गप्प बसायचो. जोनसकडेही जेवणाआधी आणि जेवणानंतर सगळे खाली मान घालून गप्प बसतात, आणि त्या शांततेत त्याची नातवंडं आमच्यासारखीच एकमेकांना चिमटे काढतात. मी म्हटलं, काय दिवस होते ते! वीज नाही, विहिरीला मोटर नाही, तरी काही अडायचं नाही.

“तुझं नाही अडायचं,” मंगल म्हणाली. “त्या विहिरीचं पाणी मी आणि ताईनं ओढलंय. तू वर बसून पेरू खायचास. मला विचार, मोटर लागली त्या दिवशी मी बटणाला हळदकुंकू वाहिलं होतं.”

मी सुरणाची फोड तोंडात टाकली. पण थोड्या वेळानं तीच म्हणाली, “विहिरीवर ताई गोष्टी सांगायची मात्र. मोटर लागल्यावर त्या राहिल्या.” आणि पदरानं हंडी उचलून आत गेली. सकाळी निघताना तिनं वांग्यांची पिशवी दिली, ती शेवटपर्यंत माझ्याबरोबर फिरली.

सायवन

“काका, बसा ना, फुल झाली की सोडतो,” असं म्हणून जीपवाल्यानं तासभर बसवलं. ती फुल झाली तेव्हा माझ्या मांडीवर वांगी आणि वांग्यांवर कुणाची तरी कोंबडी होती. पण पुढचा रस्ता सुंदर. भात कापून झालेली मोकळी खाचरं, पेंढ्याच्या उडव्या, मध्येच साग. हिवाळ्यातलं कोवळं ऊन. चिखल्याचा खारा वारा इथपर्यंत येत नाही, हवेला सुक्या गवताचा वास असतो.

नाना इथल्याच शाळेत मास्तर होता, निवृत्त झाल्यावर इथेच राहिला. श्रावणात त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. त्यानंतर मी त्याला दोनदा पाहिलं होतं, आता अंगात सदरा जरा भरलेला दिसला. अंगणाच्या टोकाला चिंच आहे, तिच्या बुंध्याला टेकून उभं राहिलं तरच फोनला रेंज येते. तिथे एक प्लास्टिकची खुर्ची कायमची ठेवलेली. जोनसच्या खोपटाला छप्पर होतं एवढाच काय तो फरक.

“पाकीट?” नाना म्हणाला. “ताईनं पाठवलंच नाही या खेपेला. राहिलं असेल. वय झालं तिचं.” त्याच्या आवाजात दुखावल्याचं कळत होतं.

हे बोलणं चाललं असताना आतून ताट पडल्याचा आवाज झाला. वहिनी दारात आल्या. चेहरा उतरलेला. मला म्हणाल्या, “भाऊजी, जरा गोठ्यात या. गाय कशी करते बघा.”

गाय छान बसून रवंथ करत होती. वहिनींनी वळचणीतल्या पेंढ्यात हात घातला आणि पाकीट काढलं. आमचंच पाकीट, न उघडलेलं. त्याचा वरचा कोपरा फाटलेला होता.

“ताई गेल्या ना हो?” त्या कुजबुजल्या आणि रडायला लागल्या.

मला उमजायला क्षणभर वेळ लागला. आमच्या लहानपणी कुणी वारल्याचं कळवणारं पत्र आलं की त्याचा कोपरा फाडलेला असे. घरात पाऊल टाकायच्या आधीच कळावं, म्हणून. असलं पत्र वाचून फाडून टाकत, घरात ठेवत नसत. आता कुणाला हे माहीतही नाही. वहिनींना माहीत होतं.

“तलासरीचा शिक्का, आणि कोपरा फाटलेला. मी काय समजायचं? यांना डॉक्टरांनी सांगितलेलं, धक्का बसेल असं काही कानावर घालू नका. घरात न्यायला धजेना, फाडायला धजेना. म्हटलं, जरा सुधारले की सांगेन. तीन दिवस देवाला हात लावला नाही मी. खांदा दुखतोय सांगितलं. यांनी पूजा केली, आणि माझ्या खांद्याला तेलही लावून दिलं.”

“वहिनी, ताई ठणठणीत आहे. परवाच महेशचा फोन आला.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग खाली बसल्या आणि गाईच्या पाठीवर डोकं ठेवून हसायला लागल्या, रडणं न थांबवता. नाना दारात येऊन उभा होता हे आम्हाला तेव्हा दिसलं. त्यानं सगळं ऐकलं होतं. वाटलं, आता ओरडतो. तो म्हणाला, “दोन महिने एकटीनं सोसलंस होय,” आणि तिच्या शेजारी पेंढ्यात बसला.

पाकीट तिथेच उघडलं. मी ताईचं पत्र मोठ्यानं वाचायला लागलो.

“सगळ्यांना विचारते महेश वापीला चल म्हणतो तिसरा मजला आहे लिफ्ट आहे सून चांगली आहे पण दोघं कामाला जातात दिवसभर पाटीवर लिहून माझ्याशी बोलायला कोण असणार मी चिखल्याला येऊन राहू का मागची खोली पुरे चौघांच्या घरचं आहे ते म्हणून तिघांना विचारते ज्याच्या मनात नसेल त्याने काही लिहू नये मी समजेन”

ताईनं विचारलं होतं, आणि आम्ही तिघांनी दोन महिने काहीही लिहिलं नव्हतं.

नाना उठला, आत गेला, आणि टेबलाशी बसून लिहायला लागला. पाच पानं नाही, पाच ओळी. वहिनींनी खाली स्वतःची एक ओळ घातली. मी माझं लिहिलं. मग चिंचेखालच्या खुर्चीवर बसून बायकोला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं. “मागची खोली कशाला?” म्हणाली. “तिथे दुपारी ऊन येतं. पुढची देऊ. मी लिहून फोटो पाठवते, नाहीतर म्हणतील, बायको गप्प बसली.” मंगलला सांगितलं तर ती फोनवरच हुंदके द्यायला लागली. तिचंही पत्र फोटोतून आलं. पाकिटाच्या नियमाप्रमाणे मी आधी कैनाडला, मग चिखल्याला जायला हवं होतं. पण रविवार परवावर आला होता. नियम मोडून मी उधव्याच्या रस्त्यानं सरळ तलासरी गाठायचं ठरवलं.

तलासरी

हायवेवरून ट्रक धडधडत जातात, आणि त्याच्या आत गल्लीत ताईचं घर. ताईला त्या धडधडीचा त्रास नाही, ती म्हणते, देवानं माझीच सोय पाहिली. दारात शेळी बांधलेली. शनिवारची दुपार. आत गाठोडी बांधून झाली होती, भांडी पोत्यात, भिंतीवर फोटो काढल्याच्या पांढऱ्या चौकटी. ताई एका ट्रंकेवर बसून शेंगा सोलत होती. ऐकू येत नसल्यानं ती फार मोठ्यानं बोलते.

“आलास? पोचवायला आलास होय. बस. चहाची भांडी बांधली, शेजारणीकडून आणते.”

मी तिचा हात धरून खाली बसवलं, खुंटीवरची पाटी काढली आणि लिहिलं, पाकीट अडलं होतं.

तिनं वाचलं आणि मान फिरवली. “असू दे रे. मी समजले.”

मी पुसलं, परत लिहिलं. सायवनला. कोपरा फाटला होता. वहिनींना वाटलं, तू गेलीस.

तिनं ते दोनदा वाचलं. मग तिचे खांदे हलायला लागले आणि ती इतकं मोठ्यानं हसली की शेजारीण दारात येऊन बघून गेली. “अरे, शेळीनं खाल्ला तो कोपरा! पोस्टात टाकायला निघाले तर दारातच ओढलंन. म्हटलं, आतलं शाबूत आहे, दुसरं पाकीट कशाला वाया घालवू? आणि सायवनच्या बाईनं मला मारलंन!” डोळे पुसून म्हणाली, “सुतक पाळलं का तिनं?” मी मान डोलावली. ताईनं पाटी माझ्या हातातून घेऊन पुसली. “भली आहे ती,” म्हणाली.

मग मी पाकीट तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं चष्मा लावला. नानाचं वाचलं, वहिनींची ओळ वाचली, माझं वाचलं. ओठ हलवत, एकेका शब्दावर बोट ठेवत. आमच्या चिखल्याच्या घरात ती अशीच वडिलांना आलेली पत्रं वाचून दाखवायची, आणि आम्ही तिघं तिच्याभोवती बसायचो. मला त्या घराची इतकी आठवण अमेरिकेतही कधी आली नव्हती.

“मंगलचं?” तिनं विचारलं. “एकाचंही मन नसेल तर नाही म्हटलं होतं मी.”

मी फोन काढला, मंगलचा कागद दोन बोटांनी मोठा केला आणि तिच्या हातात दिला. तिनं तो तबकासारखा दोन्ही हातांनी धरला. “अक्षर तिचंच,” म्हणाली. “अजून ‘च’ उलटा काढते.” मग बायकोचं वाचलं. पुढची खोली, ऊन, सगळं. फोन पदरानं पुसून तिनं मला परत दिला. अशा वेळी हे यंत्र घरात असू द्यावं, असं बहुतेक जोनसही म्हणाला असता. खात्री नाही.

बाहेर येऊन मी महेशला फोन केला आणि ताईच्या पत्राचं सगळं सांगितलं. त्याला लागलं. मुलगाच तो, लागणारच. त्यानं तिच्यासाठी खोली रंगवून घेतली होती. शेवटी म्हणाला, “मामा, मी तिला कधी विचारलंच नाही. सांगत होतो फक्त. तिला काय हवं ते विचारा. उद्या गाडी घेऊन येतोच आहे, म्हणेल तिथे सोडेन.”

मी आत आलो. पाटी घेऊन लिहायला बसणार, तर ताईनं हातानंच थांबवलं. तिनं पाकिटातून आपलं जुनं पत्र काढून घेतलं, घडी घातली आणि ट्रंकेत अगदी तळाशी सरकवलं. मग म्हणाली, “कागद दे. आता माझी पाळी ना?”

मी वहीतलं पान फाडून दिलं. ट्रंकेचं झाकण लावून तिनं त्यावर पान पसरलं, नीट, कडेला कड लावून. पेन झटकलं. वर उजव्या कोपऱ्यात, जिथे गावाचं नाव घालतात तिथे, मोठ्या अक्षरात लिहिलं, चिखले.

आपण अजून तलासरीतच आहोत, असं मी पाटीवर लिहायला घेतलं. ते पुरं होईतो तिनं खाली तारीखही घातली होती, उद्याची.